गिरणीची मोटर जळाली तेव्हा

हरसूलच्या बाजारपेठेपासून पायी अर्ध्या तासावर एक पाडा होता. त्या पाड्यावर एक मुलगा आजीजवळ राहत होता. भाताची झोडणी उरकली की त्याचे आईबाप दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांत मजुरीला जात. त्या दिवसांत पाड्यावरची बरीच घरं अशीच म्हाताऱ्यांच्या आणि पोरांच्या हवाली असत.

मुलगा आठवीत होता. हट्टी होता, पण कामाचा होता. हातात घेतलेलं काम पुरतं केल्याशिवाय उठत नसे. आजीनेच ते वळण लावलं होतं. भांडं घासायचं तर आतून-बाहेरून. आवणी करायची तर ओळ पुरी करूनच कंबर सरळ करायची. अर्धं काम तिला खपत नसे.

त्या वर्षी एकाच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. पाड्यावरच्या पिठाच्या गिरणीची मोटर जळाली, आणि शाळेत सरांनी घरून मोटर करून आणायला सांगितली.

सरांनी फळ्यावर चित्र काढलं. एक सेल, दोन सेफ्टी पिना, खाली लोहचुंबक, आणि पिनांच्या भोकांत टेकवलेलं तांब्याच्या तारेचं कडं. ते म्हणाले, "पुण्यात आयुका नावाची संस्था आहे. तिथल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता बरीच वर्षं होते. आयआयटीत शिकलेले इंजिनियर, पण त्यांनी जन्मभर टाकाऊ वस्तूंची खेळणी केली. सायकलच्या ट्यूबची पट्टी सेलवर चढवायची, तिच्यात दोन पिना खोचायच्या, वर तारेचं कडं ठेवायचं. असली मोटर त्यांनी देशभरच्या पोरांच्या हातात दिली. तुम्हालाही जमेल."

मग सरांनी एका लोहाराची गोष्ट सांगितली. मुलांना चित्रापेक्षा तीच जास्त आवडली. अमेरिकेत व्हरमाँट नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथे थॉमस डेव्हनपोर्ट नावाचा लोहार होता. फारसा शिकलेला नव्हता. 1833 साली त्याने विजेवर चालणारं लोहचुंबक पाहिलं आणि त्याला वेडच लागलं. ते विकत घ्यायला त्याने भावाचा घोडा विकला. घरी आणून ते एकेक वेढा उलगडत नेलं, आणि त्याची बायको एमिली शेजारी बसून सगळं लिहून ठेवत गेली. मग स्वतःचं चुंबक करायची वेळ आली. तारेवर गुंडाळायला काहीतरी हवं होतं, कारण उघडी तार उघड्या तारेला टेकली की वीज वेढे घेत बसत नाही, जवळच्या वाटेने निसटते. एमिलीने म्हणे आपला लग्नातला रेशमी पोशाख फाडून त्याच्या पट्ट्या केल्या. 1837 साली त्या लोहाराला मोटरीचं पेटंट मिळालं. पैसा काही मिळाला नाही. त्या काळच्या बॅटऱ्या एवढ्या महाग होत्या की मोटर चालवणं कुणालाच परवडेना.

"आता रेशीम लागत नाही," सर म्हणाले. "तारेवर इनॅमलचा थर असतो. टोकांवरचा तो थर खरवडायचा. एका टोकाचा सगळा, दुसऱ्या टोकाचा अर्धाच." तेवढ्यात घंटा झाली. मुलाने चित्र वहीत उतरवलं, शेजारी 'अर्धाच' असंही लिहिलं. पण अर्धं ठेवायचं हे त्याच्या मनाला पटलं नाही. आपण पुरतं करू, असं त्याने ठरवलं.

बाजारपेठेच्या टोकाला वाइंडिंगवाल्या मिस्त्रीचं दुकान होतं. शाळा सुटल्यावर मुलगा तिथे गेला. गिरणीची मोटर फळीवर उघडी पडली होती. तांब्याचे वेढे काळेठिक्कर झाले होते आणि जळक्या वार्निशचा वास दुकानभर होता.

"ही कशी जळाली, काका?"

"एक फेज गेला. कुणाच्या लक्षात आलं नाही. गिरणीवाल्याने बटण दाबलं. दोन फेजवर ती सुरू होईना. नुसती हुं हुं करत बसली. फिरली नाही की मोटर तापते, पोरा. वीज तर आत येतच राहते, तिने जायचं कुठे?" मिस्त्रीने पकडीने एक काळी तार उपसून बाजूला टाकली. "तुला काय पाहिजे?"

मुलाने सांगितलं. मिस्त्रीने पत्र्याच्या डब्यातून नव्या तारेचा तीन-चार हात उरलेला तुकडा काढून दिला. कोपऱ्यात एक फुटका स्पीकर पडला होता, त्याचं चुंबक दिलं. पैसे घेतले नाहीत. पुढे काही सांगितलंही नाही.

घरी येऊन मुलाने टॉर्चच्या सेलवर तार गुंडाळून दहा वेढ्यांचं कडं केलं. दोन्ही बाजूंना दोन टोकं ठेवली. एका फळीवर पिना उभ्या ठोकल्या, मधे चुंबक ठेवलं, पिनांना तारा बांधून सेलला लावल्या. कडं हललंसुद्धा नाही.

पहिली चूक त्याची त्यालाच सापडली, पण वेळ लागला. इनॅमलचा थर पारदर्शक असतो. तार तांब्यासारखीच दिसते, तांब्यासारखीच चमकते, म्हणून ती उघडी आहे असंच वाटतं. त्याने ब्लेडने टोक खरवडलं तेव्हा आतून खरं तांबं निघालं, गुलाबी आणि लखलखीत. मग त्याने दोन्ही टोकं चहूबाजूंनी खरवडली, वर पॉलिशपेपर मारला. कुठे कण ठेवला नाही.

आता कडं हललं, पण एका अंगाला जड होऊन लोंबू लागलं. टोकं नेमकी मधोमध नव्हती. ती वाकवून, सरळ करून, डोळ्यांच्या रेषेत धरून त्याने नीट केली. वीज नसताना बोटाने टिचकी मारली की कडं चार-सहा गिरक्या घेई आणि कुठेही थांबे. म्हणजे तोलाचं काम झालं होतं. त्याने सेल जोडला. कडं झटकन अर्धं वळलं, मागे आलं, पुन्हा पुढे गेलं, थरथरलं आणि थांबलं.

त्याने टिचकी मारली. पुन्हा तेच.

आणि एकदा, का कोण जाणे, ते फिरलं. भर्रकन फिरलं, पिनांवर उड्या मारत, ठिणग्या टाकत. मुलगा ओरडलाच. आजी चुलीपासून उठून येईपर्यंत ते थांबलंही होतं.

त्या एका फिरण्यानेच त्याचा घात केला. न फिरतं तर त्याने कड्याकडे नीट पाहिलं असतं. फिरलं, म्हणून त्याला वाटलं की सगळं बरोबर आहे, फक्त जोर कमी पडतोय. मग त्याने जोर वाढवायला सुरुवात केली. टॉर्चमधला दुसरा सेल काढला. दुकानातून उधारीवर दोन नवे आणले. एका सेलचे 1.5 व्होल्ट होते, चारांचे 6 झाले. कडं आता जोरजोरात झटके देऊ लागलं, पण फेरी काही पुरी करेना. शेवटी तार एवढी तापली की त्याचं बोट भाजलं, आणि नव्या सेलांचा दम उतरला.

दुसऱ्या दिवशी तो फळीसकट मिस्त्रीकडे गेला. "चुंबक कमजोर आहे, काका. दुसरं द्या."

मिस्त्री गिरणीच्या मोटरीत नवी तार भरत होता. एकेका खाचेत कागद बसवायचा, त्यावर वेढे दाबायचे. त्याने मान वर केली, कडं उचललं, त्याची दोन्ही लखलखीत टोकं उजेडात धरून पाहिली आणि परत ठेवलं.

"थांबते कुठे?" त्याने विचारलं.

"फिरतच नाही."

"ते कळलं. पण थांबते कुठे?"

मुलाला सांगता येईना. त्याने ते पाहिलंच नव्हतं. आपलं काम फिरत नाही म्हटल्यावर ते थांबतं कुठे हे कोण पाहतो? मिस्त्री पुन्हा खाचेत बोटं घालून वेढे दाबू लागला.

मुलगा घरी आला. आजीच्या करंड्यातलं ओलं कुंकू त्याने कड्याच्या एका अंगाला लावलं, म्हणजे दोन बाजू ओळखू याव्यात. आपल्या टॉर्चचा एक सेल जोडला. कडं हललं, डुललं आणि थांबलं. चुंबकावर आडवं, कुंकवाची बाजू वर. त्याने कडं उभं धरून सोडलं. ते आडवं झालं, कुंकू वर. उलटं ठेवून जरासा धक्का दिला. वळून पुन्हा कुंकू वर. कसंही सोडलं तरी त्याला तिथेच जायचं होतं. मग त्याने सेल फिरवून उलटा लावला. आता कुंकवाची बाजू खाली गेली आणि दर वेळी खालीच जाऊ लागली.

त्याला एवढं कळलं की कडं कमजोर नाही. उभं असताना त्याला चांगली ओढ बसते, आडवं झालं की ते अडतं. पण का अडतं, आणि अडू नये म्हणून काय करायचं, ते कळेना. आपण चार सेल लावले तेव्हा ते आणखी घट्ट अडत होतं, हे मात्र त्याच्या ध्यानात आलं.

गिरणी बंद होती, म्हणून रोज रात्री आजी आणि शेजारची काकी नागली दळायला जात्यावर बसत. हरसूलला जाऊन दळून आणणं दोघींच्याही गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. त्या रात्री काकीच्या हाताला फोड आला होता. आजीने मुलाला हाक मारली.

तो जात्याच्या पलीकडे बसला, खुंट्यावर हात ठेवला आणि आपल्या सवयीप्रमाणे पुरता जोर लावून ओढू लागला. जातं अर्धं फिरलं आणि अडलं. त्याने आणखी जोर लावला. जातं जागचं हलेना. आजीच्या मनगटाला हिसका बसला.

"अरे, हात सैल सोड की!" आजी म्हणाली. "खुंटा तुझ्याजवळ पोचला. तुझं काम झालं. आता धरून बसलास तर मी ओढू कशी?"

"मी तर जोर लावतोय."

"तेच तर! पोचल्यावर कसला जोर? पोचेपर्यंत ओढायचं, पोचला की सोडायचं. मधेच सोडलंस तरी चालायचं नाही."

मुलगा दळू लागला. खुंटा त्याच्याकडे आला की तो बोटं सैल सोडी, आजी ओढून नेई. खुंटा पलीकडे गेला की आजीचा हात हलका होई. पीठ सारखं पडू लागलं. आजीने एक ओवी म्हटली, मग दुसरी. मुलाला ओव्यांत गोडी नव्हती. तो खुंट्याकडे पाहत होता, आणि पाहता पाहता त्याचा हात थांबला.

"झोप आली का रे?" आजीने विचारलं.

"नाही," तो म्हणाला आणि उरलेली नागली दळून मगच उठला.

सकाळी त्याने एका पिनेची तार सेलपासून सोडवली आणि हातात धरली. कडं उभं केलं, तार सेलला टेकवली. कडं वळू लागलं. ते आडवं होतंय, कुंकू वर येतंय, एवढ्यात त्याने तार उचलली. अडवायला कुणी नव्हतं. कडं आपल्याच वेगाने पुढे निघून गेलं. पुन्हा तळाहून वर येऊ लागलं तशी त्याने तार टेकवली, कुंकू वर आलं तशी उचलली. टेकव, उचल. टेकव, उचल. कडं फिरत राहिलं. हाताचा ताल चुकला तेव्हाच थांबलं.

हाताने जमलं, पण मोटर म्हणजे तिने आपला हात आपणच उचलायला हवा. त्याने वही उघडली. सरांच्या चित्राशेजारी त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'अर्धाच'. अर्धी फेरी उघडं तांबं पिनेला टेकणार, अर्धी फेरी इनॅमल टेकणार. त्या अर्ध्या फेरीत वीज बंद, कडं मोकळं.

सगळं तर त्याने खरवडून टाकलं होतं. तेव्हा काकीच्या मुलीकडून नेलपॉलिशची बाटली आणली. कडं जमिनीवर आडवं ठेवलं आणि एका टोकाच्या वरच्या अर्ध्या भागाला पॉलिश लावलं. वाळू दिलं. पिनांवर ठेवलं. कडं हललं, डुललं आणि आडवं होऊन थांबलं.

आदल्या दिवशीचा मुलगा असता तर त्याने दुसरं चुंबक मागितलं असतं. आता तो कड्याकडे पाहत बसला. उघडा भाग पिनेवर होता. म्हणजे कडं आडवं होऊन पोचलं तरी वीज चालूच होती, आणि ती अर्ध्या वाटेवर, कडं उभं असताना तुटत होती. आजी म्हणाली होती, मधेच सोडलंस तरी चालायचं नाही. त्याने पॉलिश खरवडून काढलं. या वेळी कडं उभं धरलं, भिंतीला टेकलेल्या ताटासारखं, आणि तसं धरून एका टोकाच्या वरच्या अर्ध्या भागाला पॉलिश लावलं. आता कडं आडवं होईपर्यंत वीज, आडवं झालं की बंद.

त्याने एकच सेल लावला, टॉर्चमधला जुना. बोटाने जरा टिचकी दिली. कडं डगमगलं आणि फिरू लागलं. फिरतच राहिलं. कुंकवाची लाल रेघ दिसेनाशी झाली.

आजीने येऊन पाहिलं. "याने नागली दळता येईल का?" तिने विचारलं.

"नाही."

"मग काय कामाचं?" असं म्हणून ती निघून गेली, पण दारातून वळून तिने पुन्हा एकदा पाहिलं.

दुपारी मुलगा दुकानात गेला. गिरणीच्या मोटरीचे वेढे भरून झाले होते, त्यांच्यावर ताजं वार्निश चढलं होतं. मुलाने मिस्त्रीला सगळं सांगितलं, कुंकू, जातं, नेलपॉलिश. फक्त एक गोष्ट त्याला उलगडली नव्हती. पहिल्या दिवशी, सगळं खरवडलेलं असताना, ते एकदा फिरलं कसं?

मिस्त्री हसला. "उड्या मारत होतं ना? उडालं की पिनेपासून सुटतं. सुटलं की वीज तुटते. योगायोगाने नेमकं वेळेवर सुटलं असेल. असल्या योगायोगाने मी लई गिऱ्हाइकं फसलेली पाहिलीत. एकदा चालली होती ना, मग चालायलाच पाहिजे, असं म्हणतात." मग त्याने गिरणीच्या मोटरीवर थाप मारली. "हिच्यात पिना नाहीत, ब्रश नाहीत. तीन फेज आळीपाळीने ओढतात. एकाचा जोर उतरतो तेव्हा दुसऱ्याचा चढलेला असतो. तुझ्या आजीच्या जात्यावर तिसरी बाई बसली असं समज."

मिस्त्रीला काय चुकलंय ते कडं उजेडात धरलं तेव्हाच कळलं होतं. दोन्ही टोकं लखलखीत होती. एक वाक्य बोलला असता तर मुलाचा एक दिवस वाचला असता आणि एक मोटर फिरली असती. त्याने तार दिली, चुंबक दिलं, योग्य वेळी एक प्रश्न विचारला आणि मग आपल्या खाचेत बोटं घातली. शिकवणाऱ्या माणसाला असं जमणं फार अवघड असतं. आपल्याला येतंय ते सांगून टाकावं ही ओढ मोठी असते, आणि पोराचा हात आपल्यापाशी पोचला तरी आपण खुंटा धरून बसतो. मात्र मिस्त्रीने मुलाला वाटेत एकटंही सोडलं नव्हतं. कुठे पाहायचं ते सांगेपर्यंत तो बरोबर होता.

तीन दिवसांनी गिरणी सुरू झाली. उधारीच्या दोन सेलांचे पैसे मुलाने आईबाप परतल्यावर दिले, आणि त्याबद्दल बोलणीही खाल्ली.

शाळेत मोटरी आणायचा दिवस आला. बाकांवर सात-आठ मोटरी मांडल्या होत्या. फिरत होत्या दोन. कुणी तार खरवडलीच नव्हती. कुणाचं कडं अंड्यासारखं वाकडं झालं होतं. एका मुलीने तीन सेल जोडले होते आणि तिची तार हात लावू देत नव्हती. ती रडकुंडीला आली होती. मुलगा तिच्याजवळ गेला.

"थांबते कुठे?" त्याने विचारलं.

"फिरतच नाही," ती म्हणाली.

सर टेबलापाशी वाकले होते. त्यांनी स्वतः केलेली मोटर काल संध्याकाळी चालली होती आणि आज चालत नव्हती. त्यांनी पिना दाबून पाहिल्या, सेल बदलला, मग मान वर करून म्हणाले, "अरे, माझीही बघ जरा."

"सर, थांबते कुठे?"

सरांनी चष्मा वर केला, कड्याकडे पाहिलं. "ते नाही रे पाहिलं," ते म्हणाले, आणि वर्गात कुणाकडे कुंकू आहे का, याची चौकशी सुरू झाली.